ट्रॅक्टरचा पोळा

सदाशिवरावांनी बैल विकून मोठा लाल ट्रॅक्टर आणला, तेव्हा गावात कोणाला नवल वाटलं नाही. फुलसावंगीच्या या बाजूला आता दावणीचा बैल शोधावा लागतो. आमच्या गावात तर एकच जोडी उरली होती, बळीरामची, काजळ्या आणि चांद्या.

नवल वाटलं ते यंदाच्या पोळ्याला. गावच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि ते तोडायचा मान सदाशिवरावांच्या घराकडे त्यांच्या आजोबांपासून आहे. मागच्या वर्षी त्यांनी मेहुण्याची जोडी उसनी आणून वेळ भागवली. यंदा मेहुण्यानंही बैल विकले. आता मान आपोआप बळीरामकडे जाणार, असं लोक धरून चालले होते. तेवढ्यात सदाशिवरावांनी पारावर जाहीर केलं, की आपण बैल विकले, मान विकला नाही. यंदा तोरण ट्रॅक्टर तोडेल. ट्रॅक्टर म्हणजे आजच्या काळाचा बैलच.

लोक हो म्हणाले. सदाशिवरावांना गावात लोक हो म्हणतात. नाही म्हणायचं असलं तर घरी जाऊन म्हणतात.

त्याच आठवड्यात शाळेत सुरभी मॅडमनी तिसरीला सजीव-निर्जीवचा पाठ घेतला. यात त्यांचा दोष एवढाच, की पुस्तकात तो तिथंच येतो.

मी रोज तासभर त्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसतो. अक्षरं मी साठी ओलांडल्यावर याच खोलीत शिकलो, ती हातातून जाऊ नयेत म्हणून येतो. पोरं मला नानाजी म्हणतात. त्यांचं पाहून मॅडमही म्हणतात.

मॅडम पुसदहून स्कूटीवर येतात. त्या शिक्षणसेवक आहेत आणि पोळ्यानंतरच्या महिन्यात त्यांची तीन वर्षं भरणार होती. शाळेच्या समितीनं चांगलं लिहिलं तर नोकरी कायम. तक्रार गेली तर सगळं लटकलं. समितीचे अध्यक्ष सदाशिवराव. अध्यक्ष राहायचं तर शाळेत घरचं लेकरू लागतं, म्हणून त्यांनी आपली नातवंडं वाटून टाकली आहेत. नातू शाम पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जातो आणि नात समीक्षा आजोबांची खुर्ची सांभाळायला जिल्हा परिषदेच्या शाळेत येते.

तर त्या दिवशी मॅडमनी टेबलावर लाकडी बैल ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर फिरतात. त्यामुळं तो बैल वर्गातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"हा सजीव की निर्जीव?"

"सजीव," बळीरामचा नातू अमर म्हणाला. "चालते तो."

"स्वतःहून चालतो?"

"दोरी ओढली का चालते."

"दोरी कोण ओढतं?"

"मी."

"मग चालणारा तू झालास. तो नाही. सजीव स्वतःहून हलतो. अन्न खातो, श्वास घेतो, वाढतो, त्याला पिल्लं होतात."

अमरनं लाकडी बैलाकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्यानं त्याला फसवलं होतं. मॅडमनी मोठ्या कागदावर दोन रकाने आखले आणि एकेका लेकराला एकेक नाव लिहायला लावलं. एकानं मोबाइल सजीवात लिहिला, कारण तो बोलतो आणि घरात सगळे त्याचंच ऐकतात. तो खोडावा लागला. मग समीक्षा उठली. निर्जीवाच्या रकान्यात तिनं ट्रॅक्टर लिहिलं आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "आमच्यावाला."

मॅडम म्हणाल्या, शाब्बास.

संध्याकाळी ही शाब्बासकी तिनं घरी जेवताना सांगितली. रात्रीपर्यंत गल्लीतली पोरं 'निर्जीवाचा पोळा, निर्जीवाचा पोळा' करत फिरू लागली. सकाळी प्रार्थना संपायच्या आत सदाशिवराव वर्गाच्या दारात उभे होते.

"मॅडम, हे काय शिकवून राह्यल्या तुम्ही लेकरायले?"

"सजीव-निर्जीव, काका. पाठ आहे."

"पाठ असन. पण त्याच्यात आमचा ट्रॅक्टर कायले घेतला?"

"तुमच्या नातीनं घेतला."

"ते लहान हाय, तिले काय समजते?" मग ते माझ्याकडे वळले. "का जी नानाजी, बैलाचं काम करते तो. मंग बैलच नं?"

"काम तर करते बाप्पा," मी म्हणालो. एवढं बोललं की दोन्हीकडून सुटता येतं.

"पाहा. विचारा मॅडम, काय विचारायचं ते. खाते का? डिझेल खाते. माह्या दोन बैलायपेक्षा जास्त खाते. श्वास घेते का? सकाळी चालू केला का पाहा धूर. एवढा श्वास तर आमचा बंटी बी घेत नाही."

बंटी म्हणजे त्यांचा मुलगा, समीक्षाचा बाप. ट्रॅक्टर तोच चालवतो.

"वाढतो का?" मॅडमनी विचारलं.

"पहिला पस्तीस हॉर्सपॉवरचा होता. हा पन्नासचा हाय."

"तो वेगळा होता, काका. तो तुम्ही विकला."

"घराणं तेच."

"आणि पिल्लं?"

सदाशिवरावांनी बाहेर नजर टाकली. खिडकीतून त्यांना स्वतःच्या अंगणात उभी असलेली ट्रॉली दिसली असावी.

"ट्रॉली हाय नं," ते म्हणाले. "मागं मागं फिरते त्याच्या."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि तेच महागात पडलं. सदाशिवरावांना गावात कोणी विरोध केला तर ते सहन करतात, कारण तसं कधी घडलेलं नाही. हसणं त्यांनी सहन केलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची सभा भरली, माझ्यासारखे बघेही येऊन बसले. सदाशिवरावांनी खिशातून तक्रारअर्ज काढून वाचला. मॅडम परंपरेचा अपमान करतात, लेकरांच्या मनात घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी विष कालवतात, तरी यांची रवानगी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिकडं झरी जामणीकडे करावी. वाचून झाल्यावर त्यांनी तो अर्ज पुन्हा खिशात ठेवला.

"मी काही वाईट माणूस नाही," ते म्हणाले. "तक्ता बदलवा. ट्रॅक्टर सजीवात घ्या. पोळ्याच्या दिवशी वेशीत सगळ्या लेकरायनं मोठ्यानं म्हटलं पाह्यजे. मंग हा अर्ज इथंच राह्यते."

ठराव आला. ट्रॅक्टर सजीव आहे. सदाशिवरावांनी हात वर केला, त्याबरोबर सगळ्यांचे हात वर गेले. मी डोकं खाजवत होतो. तो हातही वरच धरला गेला.

मॅडमनी वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. ही नोकरी त्यांना दोनदा परीक्षा देऊन मिळाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण लेकरं विचारतील, काका. सजीव अन्न खातो, असं मी शिकवलंय. डिझेल म्हणजे अन्न नाही, ते घरी कोणी खात नाही. पोळ्याला बैल पुरणपोळी खातो. ट्रॅक्टरनं सगळ्यांसमोर खाल्ली, तर मी स्वतः तक्ता बदलते."

मला वाटलं, आता हे मागे सरतील. मॅडमनाही तसंच वाटलं असावं. पण पंचवीस माणसं बसलेल्या सभेत मागे सरण्याची सवय सदाशिवरावांना नाही.

"खाईन तो," ते म्हणाले. "तुम्ही आजच बदलवा."

मॅडमनी तक्ता बदलला. आपला खोडलेला ट्रॅक्टर समीक्षा सुट्टी होईपर्यंत पाहत होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांना जेवणाचं बोलावणं देतात. ट्रॅक्टरला खांदा कुठं, यावर सदाशिवरावांच्या अंगणात बरीच चर्चा झाली. शेवटी मागच्या चाकावरचे दोन्ही पत्रे खांदे ठरले. बंटीनं त्यांना तूप चोळलं. सदाशिवराव हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बंटीनं वर चढून हॉर्न वाजवला. आवतन स्वीकारलं गेलं.

पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर असा सजला, की खाली ट्रॅक्टर आहे हे चाकांवरूनच कळत होतं. बोनेटवर आरशांची झूल, दोन दिव्यांना बाशिंग, स्टिअरिंगजवळच्या डिझेल-तापमानाच्या काट्यांवर फुलांच्या माळा. समोरच्या लोखंडी पट्टीला नवं लाल दावं बांधलेलं. बैल हाती धरून न्यायची रीत म्हणून सदाशिवराव ते दावं धरून पुढं चालणार होते आणि बंटी वर बसून चालवणार होता.

"दोरी तर समीक्षाचे आजोबा ओढून राह्यले," अमर मला म्हणाला. "पण चालवते बंटीकाका."

"चूप," मी म्हणालो.

दारात विमलताई ताट घेऊन उभ्या होत्या, म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी. ताटात तुपानं निथळणारी पुरणपोळी. त्यांनी ट्रॅक्टरला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि पोळी हातात घेऊन थांबल्या.

"तोंड कुठी हाय याचं?"

"डिझेल टाकतो तिथी," कोणी तरी म्हणालं.

"तिथी नाही," बंटी घाईनं ओरडला. त्याला तेवढं कळत होतं.

"मंग हे धुराची नळी?"

"ते तोंड नोहे, वहिनी," बळीराम आपल्या बैलांजवळून म्हणाला. "ते दुसरं काही हाय."

बाया पदरात हसल्या. सदाशिवराव पुढं झाले. त्यांनी झूल थोडी वर केली आणि समोरची जाळी दाखवली. काळ्या उभ्या पट्ट्या, दोन दिव्यांच्या मधोमध, अगदी दातांसारख्या. यावर कोणाला शंका राहिली नाही. विमलताईंनी पोळीचा तुकडा जाळीतून आत सारला. ट्रॅक्टर चालू होता, आतल्या पंख्यानं तो ओढून घेतला. दुसरा सारला, तोही गेला.

"खाल्ली," विमलताई म्हणाल्या, आणि एक पाऊल मागे सरकल्या.

सदाशिवरावांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम लेकरांची रांग नीट करत होत्या.

मग काय, मिरवणूक निघाली आणि प्रत्येक दारात थांबू लागली. ज्या बाया एरवी बैलाला भीत भीत लांबूनच पोळी दाखवतात, त्यांनीही ट्रॅक्टरला जाळीतून बोटानं ढकलून ढकलून भरवलं. हा न लाथ मारतो, न शेपटी. शिवाय सदाशिवरावांच्या ट्रॅक्टरला आपल्या घरची पोळी कमी पडली, असं कोणाला म्हणवून घ्यायचं नव्हतं. एकीनं वरून आंबील ओतली, तहान लागली असेल म्हणून. मागून काजळ्या आणि चांद्या येत होते. त्यांच्या वाट्याला लोकांच्या हाती उरलंसुरलं आलं. त्यांनी ते तक्रार न करता खाल्लं.

वेशीत पोचेपर्यंत ट्रॅक्टरच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. तोरणासमोर झडत्या म्हणायची रीत आहे, म्हणजे एकमेकांना टोमणे मारायचा परवानाच. वर्षभर जे बोलता येत नाही ते त्या दिवशी यमकात बोलता येतं. बळीराम पुढं आला आणि त्यानं आवाज लावला:

"आमचा बैल खाते ढेप, ट्रॅक्टर खाते पुरण,
सदाशिवाच्या बोनटाले माश्यायचं तोरण."

हरहर महादेवाचा गजर झाला, नेहमीपेक्षा मोठा. सदाशिवरावांना हसावं लागलं. झडतीवर रागावता येत नाही.

तेवढ्यात गुळाचा वास आला. आधी गोड, मग करपट. मग झुलीच्या आरशांमधून पांढरी वाफ निघू लागली.

"बाबा, गरम होऊन राह्यला," बंटी वरून म्हणाला. काटे फुलांखाली होते, पण सीटखाली त्याला जाणवत असावं. "बंद करू का?"

"तोरणाच्या तोंडाशी बंद करतं का कोनी?" सदाशिवराव म्हणाले. मग वाफेकडे बोट करून लेकरांना म्हणाले, "पाहा रे, श्वास कसा घेऊन राह्यला. मॅडम, लिहून घ्या."

मॅडम म्हणाल्या, "काका, खरंच बंद करा."

"आता काहून? आता दिसलं तर बंद करा?" त्यांनी दावं ओढलं. "घे बंटी, पुढं घे."

बंटीनं पुढं घेतला. ट्रॅक्टर तोरणाच्या बरोबर खाली आला, आत कोणी तरी हातोडा मारावा तसा आवाज झाला, आणि तो थांबला. बंटीनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पंखाही हलला नाही.

बळीरामकडे पोळ्याला जेवायला आलेला धम्मरत्न गर्दीत होता. फुलसावंगीला त्याचं गॅरेज आहे. त्यानं झूल बाजूला केली, हाताला फडकं गुंडाळून बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"रेडिएटरमधी पुरण शिजलं," तो म्हणाला. "हवा जायले जागाच नाही. इंजिन जाम झालं."

"दुरुस्त होईन नं?"

"इथी नाही होत. खोलाच लागन. आतलं सारं गेलं असन."

सदाशिवराव दावं हातात धरून उभे होते. तेवढ्यात चंदाबाई गर्दीतून पुढं आल्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि सदाशिवरावांना अरेतुरे करणाऱ्याही त्याच.

"सदाशिवा, गेला का रे तुहा बैल?"

"मावशी, मशीन हाय. बिघडलं."

"मशीन कायचं? सभेत हात वर करून सजीव केला न तुम्ही. आमच्या हातच्या पोळ्या चारल्या त्याले." त्यांनी लाल दाव्याला हात लावला. "पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली दाव्यात बैल गेला, म्हंजे पाप धन्याले. माह्या सासऱ्यानं केलतं. तेच दावं गळ्यात घालायचं अन् पाच घरी भीक मागायची. तोंडानं बोलायचं नाही. हंबरायचं."

कोणी तरी हसलं, पण चंदाबाई हसत नव्हत्या. त्यांनी दाव्याचं टोक सोडवलं आणि सदाशिवरावांच्या गळ्यात टाकलं. पंधरा-वीस मोबाइल वर झाले. ज्यांनी सभेत हात वर केले होते तेच आता म्हणू लागले, रीत हाय, रीत तर मानाच लागते. "पहिलं घर माहंच घ्या, भाऊ," मागून एक जण म्हणाला. "पुरण हाय अजून."

सदाशिवरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणणारं माणूस हवं होतं, आणि गावात तसं एकच होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "सांगा नं यायले."

"काय सांगू, काका?"

"तुम्ही शिकवलं होतं ते. ट्रॅक्टरचं."

"मी तक्ता बदललाय. समितीचा ठराव आहे."

"जुना सांगा. पुस्तकातला."

मॅडमनी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. सदाशिवरावांनी अर्ज काढला, फाडला, आणि तुकडे कुठं टाकावेत ते न कळून परत खिशात घातले.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पाठ तुम्हीच म्हणा. चुकलं तर मी सांगते. ट्रॅक्टर अन्न खातो का?"

"नाही."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जात नाही."

"नाही खात."

"श्वास घेतो का?"

"नाही. ते वाफ होती."

"वाढतो का?"

"नाही. पहिला विकला, हा दुसरा घेतला."

"पिल्लं होतात का?"

गळ्यातलं दावं सावरत सदाशिवराव म्हणाले, "ट्रॉली वेगळी घेतली होती."

"मग ट्रॅक्टर काय आहे?"

"निर्जीव," ते म्हणाले, आणि मागून सगळ्या वर्गानं सवयीनं सूर धरला, "निर्जीव."

"कव्हापासून?" चंदाबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून, मावशी."

"मंग आमच्या पोळ्या कोनं खाल्ल्या?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. चंदाबाईंनी दावं काढून घेतलं. निर्जीवाचं पाप लागत नाही, असं त्या म्हणाल्या. पण एवढं पुरण जाळलं त्याचं काय, ते त्यांनी मोकळं ठेवलं.

ट्रॅक्टर तोरणाखालून ढकलून बाजूला घ्यायला माणसं लागली. ती जमेपर्यंत बळीराम आपली जोडी घेऊन कडेला, तोरणाचं टोक लोंबत होतं तिथं उभा होता. चांद्याला पुरण थोडंच मिळालं होतं. त्यानं मान वर केली, आंब्याची पानं तोंडात धरली आणि ओढली. तोरण तुटलं. तो ते चावत उभा राहिला.

"खाते," अमर म्हणाला.

पुढच्या सोमवारी समिती पुन्हा बसली. ट्रॅक्टर निर्जीव आहे आणि मॅडमचं काम उत्तम आहे, असे दोन ठराव होते. सदाशिवरावांनी हात वर केला. त्याबरोबर सगळ्यांचे वर गेले. यावेळी मी डोकं खाजवत नव्हतो, पण हात वरच होता. समीक्षा दारात उभी राहून पाहत होती.

"नानाजी," तिनं मला बाहेर विचारलं, "आजोबानं हात वर केला का सगळ्यायचा वर जाते. तुमचा हात तुम्ही वर केला, का त्यायनं?"

मी म्हणालो, "वर्गात जा, उशीर झाला."

सुरभी मॅडम महिन्याभरानं कायम झाल्या. तक्ता मात्र त्यांनी त्या सोमवारीच दुरुस्त करायला खाली काढला. पण ट्रॅक्टर आधीच निर्जीवात परत आला होता, समीक्षाच्याच अक्षरात. त्याच्या खाली, लाकडी बैलाच्या शेजारी, तिनं आणखी एक शब्द लिहिला होता: समीती. मॅडमनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, लाल पेननं मधली वेलांटी ऱ्हस्व केली आणि तक्ता भिंतीवर टांगला.